कर्णावरणे आणि कारखान्यातील गोंगाट

यंत्रमागांच्या शेडमधील गोंगाट बहुधा १०० डेसिबेलच्या आसपास असतो. अशा गोंगाटाने अंतर्कर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून कामगारांना कर्णावरणे, म्हणजेच इअरमफ, वापरावी लागतात. स्पंजचे अस्तर असलेल्या प्लॅस्टिकच्या दोन वाट्या, त्यांच्या कडांना मऊ गादी आणि त्या कानांवर दाबून धरणारी कमान, अशी त्यांची रचना असते.

उच्च कंप्रतेचा कर्कश ध्वनी ही आवरणे चांगला अडवितात. नीच कंप्रतेची घरघर मात्र त्यांतून अधिक प्रमाणात आत शिरते. शिवाय चष्म्याच्या काडीमुळे किंवा झिजलेल्या गादीमुळे फट राहिली, तर संरक्षण घटते. प्रयोगशाळेत मोजलेली घट प्रत्यक्ष कामावर पूर्णपणे मिळत नाही, ती याचमुळे. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने १९९८ साली आवरणावर छापलेल्या आकड्यातून २५ टक्के वजा करण्याची शिफारस केली.

वेळेचा हिशेब याहून कठोर आहे. ध्वनी ३ डेसिबेलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते. त्यामुळे ३० डेसिबेलची घट करणारे आवरण आठ तासांच्या पाळीत केवळ अर्धा तास काढून ठेवले, तरी संपूर्ण पाळीचा विचार करता सुमारे १२ डेसिबेलचेच संरक्षण उरते. चार तास काढून ठेवल्यास जेमतेम ३ डेसिबेलचे. तात्पर्य, मोठ्या आकड्याच्या पण उकाड्यात असह्य होणाऱ्या आवरणापेक्षा पाळीभर कानांवर राहणारे साधे आवरणच अधिक हितकर ठरते.