पाप्याला बोल कसा लावावा

एखाद्याचें पाप त्याच्या पदरांत घालावयाचें, तर तें गोडीनें कीं रोखठोक शब्दांत? हा प्रश्न प्रत्येक धर्माच्या उपदेशकापुढें उभा राहतो. परंतु कॅथलिक पंथांत त्याला विशेष धार आहे. कारण तेथें पाप ही केवळ देव आणि मनुष्य ह्यांच्यामधील खाजगी बाब राहत नाहीं. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेनें असा दंडक घातला कीं, जाणत्या वयाच्या प्रत्येक श्रद्धावंतानें वर्षांतून एकदां तरी धर्मगुरूजवळ आपल्या पापांचें निवेदन करावें. म्हणजे पापी मनुष्याला स्वतःच्या तोंडानें दोष सांगावा लागतो आणि ऐकणाऱ्याला त्यावर कांहीं तरी बोलावें लागतें. तें बोलणें फार कडक झालें तर तो मनुष्य पुन्हां फिरकत नाहीं. फार सैल झालें तर तो आला तसाच घरीं जातो, आणि त्याच्या पापाचा भार ज्यांच्यावर पडतो, त्या बायकोचें, कुळाचें वा ऋणकोचें दुःख होतें तसेंच राहतें. ह्या दोन संकटांमधून वाट काढण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतील कांहीं फार शिकण्याजोगे प्रयत्न गोमंतकांत आणि विदर्भांत झाले आहेत.

ह्या बाबतींतला मूळ आधार मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत सांपडतो. तेथें येशूनें पायऱ्या घालून दिल्या आहेत. भावाचा अपराध झाला तर आधीं त्याला एकांतांत गांठावें. त्यानें ऐकलें नाहीं तर एक-दोन साक्षीदार बरोबर न्यावे. त्यावरही ऐकलें नाहीं तर मंडळीला कळवावें. ह्यांत मृदुपणा आणि स्पष्टपणा हीं एकमेकांविरुद्ध उभीं नाहींत. पहिल्या पायरीवरही दोष स्पष्टच सांगावयाचा आहे. मात्र तेथें ऐकणारा एकटा आहे. जुन्या करारांतील नाथान संदेष्ट्याची कथाही अशीच. दावीद राजानें दुसऱ्याची बायको नेली आणि तिच्या नवऱ्याला लढाईंत मारविलें. नाथान राजाकडे येऊन एका गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो. ती कोणा धनिकानें हिरावून घेतली हें ऐकून राजा संतापतो, आणि तो धनिक म्हणजे महाराज स्वतःच, हें नाथान तेथल्या तेथें तोंडावर सांगतो. गोष्ट मृदु होती. शेवट मुळींच मृदु नव्हता. पुष्कळ उपदेशक ह्या कथेंतील मेंढी तेवढी लक्षांत ठेवतात आणि शेवट गिळून टाकतात.

सेंट फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. घंटा वाजवीत रस्त्यांतून हिंडणारे आणि मुलांना व गुलामांना गोळा करून धर्मशिक्षण देणारे झेवियर सर्वांना ठाऊक आहेत. परंतु १५४९ सालीं ओर्मुझ बंदरास निघालेल्या गास्पार बार्झेउस ह्या सहकाऱ्याला त्यांनीं ज्या सूचना लिहून दिल्या, त्या त्यांच्या घंटेपेक्षां अधिक मोलाच्या आहेत. ओर्मुझ हें व्यापाऱ्यांचें, शिपायांचें आणि सावकारांचें गांव. झेवियर बजावतात कीं, निवेदनास बसलेला मनुष्य सर्व सांगून संपवीपर्यंत त्याला भय घालूं नये. लाजेनें त्याची जीभ अडखळली तर देवाच्या दयेचे शब्द बोलून धीर द्यावा. व्यापाऱ्याला किंवा अंमलदाराला, दुसऱ्याचें कांहीं जवळ आहे काय, असें मोघम विचारण्यांत अर्थ नाहीं. तो नाहींच म्हणणार. त्याचा धंदा कसा चालतो, माल तो कसा घेतो, कर्ज कोणत्या अटींवर देतो, अधिकार कसा वापरतो, हें बारकाईनें विचारावें, म्हणजे लुबाडलेलें आपोआप उघडें पडतें आणि तें परत करण्याची गोष्ट बोलतां येते. सत्ताधाऱ्यांना प्रवचनांतून झोडपूं नये, कारण त्यानें ते अधिकच निगरगट्ट होतात. त्यांना घरीं गांठून प्रसन्न मुद्रेनें आणि प्रेमानें बोलावें. स्नेह जितका दाट, तितकें बोलणें अधिक उघड असावें. ओळख थोडी असेल तेथें हलक्या हातानें स्पर्श करावा. हा शेवटचा नियम वडीलधाऱ्यांनीं आणि शाळामास्तरांनीं भिंतीवर लावून ठेवण्याजोगा आहे. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो: परक्यावर आसूड आणि मित्रापुढें मौन.

स्वतः झेवियर मात्र राजापुढेंही मौन पाळीत नसत. हिंदुस्थानांतील पोर्तुगीज अंमलदारांच्या लुटारूपणाविषयीं त्यांनीं पोर्तुगालला जीं पत्रें पाठविलीं, त्यांत शब्दांची काटकसर नाहीं. आणि तिसऱ्या जॉन राजालाही त्यांनीं १५४९ सालीं कडक शब्दांत सुनावलें. पण त्यांच्याच हातची आणखी एक चिठ्ठी आहे आणि ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १६ मे १५४६ रोजीं आंबोयना बेटावरून त्यांनीं ह्याच राजाकडे गोव्यासाठीं इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, मागणी केली. ख्रिस्ती म्हणवून घेऊन जुने आचार चालविणाऱ्या वसाहतींतील लोकांना धाक बसावा, हा हेतु होता. ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्याजवळ झेवियर वारले. न्यायालय गोव्यांत आलें तें १५६० सालीं.

ह्या न्यायालयानें मत्तयांतील पायऱ्या जणूं उलट्या करून ठेवल्या. आरोपीला फिर्यादीचें नांव कळत नसे. कित्येकदां नेमका आरोपही सांगत नसत, त्यानेंच तो ओळखून कबूल करावा अशी अपेक्षा असे. जें एकांतांत, स्नेहानें सांगावयाचें, तें अंधारकोठडींत विचारलें जाई. आणि जें झांकावयाचें, तें शेवटीं मिरवणुकीनें, विशिष्ट अंगरखा घालून, सर्व शहरापुढें वाचून दाखविलें जाई. डेलॉन ह्या फ्रेंच वैद्यानें १६७६ सालीं ही शिक्षा स्वतः भोगली आणि १६८७ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढें १७३६ च्या जाहीरनाम्यांत तर मीठ न घालतां भात शिजविणें आणि घरीं तुळस लावणें ह्यांसारख्या गोष्टींवरही बंदी आली. मनुष्याच्या अंतःकरणांतील पाप शोधावयास निघालेली सत्ता अखेर त्याच्या चुलीपर्यंत पोंचली! १७७४ सालीं बंद होऊन १७७८ सालीं पुन्हां सुरू झालेलें हें न्यायालय १८१२ सालीं कायमचें उठलें. ह्या प्रकाराला कोणी 'स्पष्ट बोलणें' म्हणत असेल तर तो शब्दाचा गैरवापर होय. बोलण्यांत ऐकणाऱ्याला नाहीं म्हणण्याची मोकळीक असते. जेथें ती नाहीं, तेथें मृदु वाणी आणि कठोर वाणी हा वादच उरत नाहीं. रोमच्या चर्चनेंही ७ डिसेंबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणापत्रांत धर्माच्या बाबतींत कोणावरही सक्ती करूं नये असें मान्य केलें. आणि १२ मार्च २००० रोजीं दुसऱ्या जॉन पॉल पोपांनीं सत्याच्या नांवाखालीं झालेल्या बळजबरीबद्दल देवाजवळ जाहीर क्षमा मागितली.

ह्याच काळांत साष्टी प्रांतांत एक निराळी रीत चालू होती. इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, मराठी आणि कोंकणी शिकले, आणि १६१६ सालीं त्यांनीं रायतूर येथें ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापविलें. नव्या ख्रिस्ती कुटुंबांचीं जुनीं पुराणें हिरावलीं गेलीं होतीं. आम्हांला त्यांच्या जागीं कांहीं वाचावयास द्या, अशी त्यांची मागणी होती. स्टीफन्स ह्यांनीं तिला निषेधाचें पत्रक काढून उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं आदामापासून येशूपर्यंत पापाची आणि तारणाची कथा ज्या चालीवर श्रोत्यांचे कान तयार होते, त्याच चालीवर सांगितली. ऐकणारा कथेंत रमला कीं आपला दोष आपणच ओळखतो, हें कीर्तनकारांचें मर्म त्यांना साधलें होतें. तरीही एक गोष्ट विसरतां येत नाहीं. साष्टींतील देवळें १५६७ सालीं पाडलीं व जाळलीं गेलीं होतीं. ह्या गोड ओवीची वाट तलवारीनें आधींच मोकळी केली होती.

विदर्भाकडे वळलें म्हणजे ह्या प्रश्नाला दुसरें वळण मिळतें. नागपूरचें कॅथलिक मिशन ज्यांच्याकडे आलें, ते सव्हॉय प्रांतांतील ॲनसी येथें १८३८ सालीं स्थापन झालेल्या संघाचे धर्मगुरू होत. त्या संघाला नांव दिलें आहे सेंट फ्रान्सिस द सेल ह्यांचें, आणि सौम्यपणासाठीं ह्यांच्याएवढा प्रसिद्ध संत कॅथलिकांत क्वचितच सांपडेल. १५९४ सालीं शाब्ले प्रांतांत त्यांचीं प्रवचनें ऐकावयास कोणी येईना, तेव्हां त्यांनीं लहान लहान पत्रकें लिहून लोकांच्या दारांखालून सरकविलीं. म्हणूनच पुढें १९२३ सालीं त्यांना पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरविण्यांत आलें. पाप्याशीं बापाच्या मायेनें वागा, असें ते निवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना परोपरीनें सांगत. त्यांच्या शाब्लेंतील यशालाही शेवटीं ड्यूकाच्या सत्तेचा हात लागला, हें खरें. पण नागपूरला आलेला वारसा पत्रकांचा आहे, ड्यूकाचा नव्हे. १८८७ सालीं नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि तेथील मुख्य देवालय ह्याच संताच्या नांवानें उभें आहे.

ह्या धर्मप्रांताच्या हद्दींत गोंदिया जिल्हाही येतो. तेथें हा प्रश्न ग्रंथांतून उतरून एखाद्या उंबऱ्याशीं येतो तेव्हां त्याचें रूप कसें असेल, हें पाहण्यासाठीं तिरोडा तालुक्यांतील चोरखमारा घ्या. गांवाजवळ मोठा तलाव, पलीकडे नागझिऱ्याचें रान. अभयारण्यांत शिरण्याच्या एका फाटकाला ह्याच गांवाचें नांव आहे. समजा, अशा गांवीं एक ख्रिस्ती कुटुंब आहे आणि एक धर्मशिक्षक अधूनमधून तेथें जातो. घरचा कर्ता पुरुष मोहाच्या दारूपायीं मजुरी उधळतो आणि बायको उसनवारीवर चूल पेटविते. धर्मशिक्षकानें काय बोलावें?

प्रथम त्यानें आपलें पाप आणि दुसऱ्याचा आचार ह्यांची गल्लत करूं नये. चैत्राच्या सुमारास ह्या रानांत पहांटे मोहफुलें वेंचतात. तीं वाळवून ठेवतात, खातात, विकतात. गोंडांच्या देवकार्यांतही मोहाला मान आहे. फुलालाच जो पाप म्हणेल, तो शेजाऱ्यांचा अपमान करील आणि दारुड्याला एक आयती सबब देईल. दोष दारूपायीं उपाशी राहणाऱ्या लेंकरांत दिसतो, तेथेंच बोट ठेवावें. तेंही सायंप्रार्थनेंत सर्वांदेखत किंवा बायकोसमोर नव्हे. सकाळीं, तो शुद्धीवर असतां, तलावाच्या पाळीवर त्याला गांठावें. दारू वाईट आहे हें त्याला सांगण्याची गरज नाहीं. तें त्याला सांगणाऱ्यापेक्षां अधिक कळतें. मागल्या बाजाराच्या दिवशीं मजुरी किती मिळाली आणि घरीं तांदूळ किती आला, एवढा एकच हिशेब त्याच्याकडून सावकाश वदवावा.

हिशेब निघाला कीं दुसरा मनुष्य दिसूं लागतो: उधारीवर दारू देणारा आणि धानाच्या सुगीला दुप्पट वसूल करणारा. तोही मंडळींतलाच असेल, प्रार्थनेला पुढें बसत असेल, सणाला देणगी देत असेल, तर खरी कसोटी तेथें लागते. त्याच्याशीं सौम्य बोलणें हा बहुधा सौम्यपणा नसतो. ती भीति असते. त्यालाही आधीं एकट्यालाच भेटावें, परंतु तेथें झेवियरांचे प्रश्न आणि नाथानाचा शेवट, दोन्हीं लागतात. आणि तो पुरुष बायकोवर हात टाकीत असेल तर पायऱ्यांची वाट पाहत बसूं नये. आधीं तिला व मुलांना माहेरीं किंवा सुरक्षित घरीं पोंचवावें, गरज पडल्यास पोलिसांत जावें; उपदेश मागाहून.

एक अडचण मात्र राहते. धर्मशिक्षक हा धर्मगुरू नव्हे. पापक्षमा देण्याचा अधिकार त्याला नाहीं. तो अधिकार असलेले फादर कधींतरी दुरून येतात. त्यांच्या कानीं निवेदनांत जें पडतें, तें त्यांना कोणाजवळही, त्या पुरुषाच्या बायकोजवळ सुद्धां, बोलतां येत नाहीं. तसा त्यांच्यावर चर्चचा कडक निर्बंध आहे. तलावाच्या पाळीवर झालेल्या बोलण्याला असें कोणतेंच कुलूप नसतें. तें गुप्त ठेवणें सर्वस्वीं त्या धर्मशिक्षकाच्या हातीं असतें. तें गांवांत पसरलें, तर पुढल्या खेपेस फादर येतात तेव्हां तो पुरुष रानांत निघून गेलेला असतो.