आजीची फणी, नवे दात

कोरमंगलातल्या फ्लॅटमध्ये नात शाळेतून डोकं खाजवत येते आणि कोल्हापूरहून आलेली आजी पिशवीतून लाकडी फणी काढते. आई मात्र संकोचते, "शेजारी काय म्हणतील?"

लाजायचं कारण नाही. केस स्वच्छ असले, तरी डोक्याला डोकं लागलं की उवा होतात. इस्रायलमध्ये लाखीश इथे सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची हस्तिदंती फणी सापडली आहे. तिला एका बाजूला गुंता सोडवायला ६ जाड दात, दुसऱ्या बाजूला उवा काढायला १४ बारीक दात होते. आजीची दुहेरी फणीही तशीच!

सुधारणा झाली ती दातांत. लाकडाचे किंवा प्लास्टिकचे दात झिजतात, वाकतात आणि लिखा निसटतात. स्टीलचे लांब दात ताठ राहतात. दोन दातांमधली फट साधारण ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी असलेली फणी घ्या.

ओल्या केसांना कंडिशनर लावा. एकेक बट घेऊन मुळापासून टोकापर्यंत फणी फिरवा आणि दरवेळी पांढऱ्या कपड्यावर पुसा. राहिलेल्या लिखांतून पुन्हा उवा निघतात, म्हणून हे १, ५, ९ आणि १३ व्या दिवशी करा. केस कापायची गरज नाही.

फणी नवी आणा. विंचरायला आजीच बसू दे.