मिलानची रात्र, नेवाशाची लाईट

सकाळी ७:५०
लॅब उघडली तेव्हा सर्व्हरचे पंखे मंदावले होते, म्हणजे रात्री लावलेलं प्रशिक्षण संपलं. मोबाईल टॉवरवरचे रेडिओ वर्दळ नसताना निजवायचे आणि वर्दळ सुरू व्हायच्या आत उठवायचे, एवढंच आमच्या मॉडेलने शिकायचंय. नेटवर्कच्या विजेचा मोठा वाटा या रेडिओंतच जातो. मंजुरीपत्रात प्रकल्पाचं नाव दोन ओळींचं आहे आणि त्यात ‘बुद्धिमान’ हा शब्द दोनदा येतो. मुलं त्याला ‘झोपेचा प्रोजेक्ट’ म्हणतात.

निकाल चांगला आलाय, जरा जास्तच चांगला. कारण माहीत आहे. शिकवायला घेतलेली माहिती मिलानची. टेलिकॉम इटालियाने २०१३च्या नोव्हेंबर-डिसेंबरातली तिथल्या मोबाईल वापराची नोंद संशोधकांना खुली केली. शहराचे १०,००० चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाचा दर दहा मिनिटांचा हिशेब. जगभरचे कितीतरी शोधनिबंध याच दोन महिन्यांवर पोसलेत. मिलानची माणसं रात्री झोपतात. आमच्या मॉडेलचा त्यामुळे पक्का समज झालाय की मध्यरात्र म्हणजे शुकशुकाट.

९:१५
एम.टेक.ची मुलगी केबल जोडतेय. दोन सॉफ्टवेअर रेडिओ, मध्ये सिग्नल क्षीण करणारे ॲटेन्युएटर, शेवटी स्पेक्ट्रम ॲनालायझर. हवेत लहरी सोडायच्या तर प्रायोगिक परवाना लागतो; तो हातात येईपर्यंत आमचं वायरलेस तारांवरून चालतं. पाहुणे आले की त्यांना हे सांगायला मला मजा येते.

१०:४०
लेखा विभाग. आज उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेत ‘यूसी’. वर्षभरात किती आले, किती खर्चले, किती उरले, हे ठरलेल्या नमुन्यात भरून त्यावर मुख्य संशोधक म्हणून माझी, लेखाधिकाऱ्यांची आणि संस्थाप्रमुखांची सही. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही.

‘‘मॅडम, व्याजाचं काय केलं?’’ टेबलामागचे काका विचारतात. अनुदान बँकेत पडून असताना त्यावर मिळालेलं व्याज आपलं नसतं. ते सरकारजमा करायचं, भारतकोश पोर्टलवरून. पावती जोडलीय का, तारीख आर्थिक वर्षातलीच आहे ना, हे काका चष्मा कपाळावर ढकलून दोनदा बघतात. लोक यांना अडथळा समजतात. मला तसं वाटत नाही. मंजूर झालेला पैसा कशावर गेला हे सलग सांगू शकणारा संस्थेतला हा एकमेव माणूस आहे. माझी तक्रार खर्चाच्या हेडांबद्दल आहे. उपकरणं, मनुष्यबळ, उपभोग्य वस्तू, प्रवास, आकस्मिक खर्च, संस्थेचा ओव्हरहेड. शिकणाऱ्या यंत्राला शिकवायची सामग्री गोळा करणं यातल्या कुठल्या खणात बसवायचं? पंधरा लाखांचं मोजणीयंत्र घ्यायला जागा आहे, त्याने काय मोजायचं याला नाही.

११:५५
खरेदी समिती. विषय एकच: ग्राफिक्स कार्ड असलेला सर्व्हर. पुरवठादाराचं कोटेशन डॉलरच्या भावाला बांधलेलं आणि पंधरा दिवसांपुरतं. आमची समिती भरायलाच तेवढा वेळ जातो. २०२५च्या जूनमध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली, आणि खरेदी समितीच्या अखत्यारीची १० लाखांवरून २५ लाखांवर. ही सवलत आमच्यासारख्या महाविद्यालयापर्यंत पोचते का, यावर आज पुन्हा चर्चा झाली. शिवाय २०२२च्या जुलैपासून संशोधन उपकरणांवरचा ५ टक्के सवलतीचा जीएसटी जाऊन १८ टक्के लागतो. म्हणजे सरकार एका हाताने अनुदान देतं आणि त्याच अनुदानातून दुसऱ्या हाताने कर घेतं. समितीने ‘तिसरे कोटेशन मागवावे’ असा शेरा मारला.

१:१५
डबा. मेथीची भाजी, आणि मेलला उत्तरं.

२:००
तिसऱ्या वर्षाचा तास. सॅम्पलिंग.

३:१०
ऑनलाइन आढावा बैठक. पडद्यावर चार परीक्षक. मंजुरीपत्रातल्या टप्प्यांपैकी कुठला पुरा झाला ते विचारतात. तंत्रज्ञान कितव्या पायरीवर आहे, पेटंटचा अर्ज कुठवर आलाय, स्टार्टअपशी बोलणं झालं का. प्रश्न रास्त आहेत. मग त्यांच्यातल्या वयाने मोठ्या सरांनी विचारलं, ‘‘हे सगळं कुणासाठी?’’ स्लाइडवर याचं उत्तर नव्हतं, पण मला ते द्यायचंच होतं.

आमचा पैसा दूरसंचार तंत्रज्ञान विकास निधीतून येतो. २०२२च्या १ ऑक्टोबरला, म्हणजे देशात ५जी सुरू झालं त्याच दिवशी, ही योजना आली. तिचा झरा मात्र जुना. २००२ सालापासून मोबाईल कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे ५ टक्के एका निधीत जातात. खेड्यापाड्यांत आणि दुर्गम भागांत दूरसंचार पोचावा म्हणून तो उभारला. २०२३च्या दूरसंचार कायद्यापासून त्याचं नाव डिजिटल भारत निधी. या निधीच्या वार्षिक वसुलीचे ५ टक्के संशोधनाला. म्हणजे कंपनीच्या शंभर रुपयांतले पाच निधीला, आणि त्यातले पंचवीस पैसे आमच्यासारख्यांना. भारत ६जीचं दृष्टिपत्र मार्च २०२३मध्ये आलं, त्यात जगाच्या पुढे राहण्याची भाषा आहे, ती असावीच. पण हे पंचवीस पैसे खेड्यांच्या नावाने वसूल झालेत.

हे मी सांगितलं. सरांनी मान हलवली आणि टप्प्याच्या तक्त्यावर गेले.

खेडं डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कामाचं उदाहरण नाही असंही नाही. ५जीच्या वेळी भारताने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे धरून बसून एक वेगळी ग्रामीण चाचणी मान्य करून घेतली: दोन टॉवरांमधलं अंतर सहा किलोमीटर. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या गावी टॉवर आणि वाड्यावस्त्या लांब पसरलेल्या, म्हणून. आयआयटी आणि इतर संस्थांनी मिळून उभारलेली स्वदेशी ५जी चाचणीव्यवस्था २०१८ साली मंजूर झाली आणि तिचं उद्घाटन व्हायला मे २०२२ उजाडला. खर्च सव्वादोनशे कोटींच्या घरात. वेळ लागला म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. त्या सहा किलोमीटरच्या ओळीचं मोल मात्र त्यांना कळलेलं नसतं. गरज आधी मोजली आणि मग ती प्रमाणकात घातली.

४:४५
चहा, आणि आमचा प्रोजेक्ट असोसिएट. मुलगा नेवासा तालुक्यातला.

‘‘मॅडम, मामाकडे ह्या आठवड्यात रात्रीची लाईट आहे.’’

मामांच्या विहिरीवर मोटारीच्या पेटीशेजारी आम्ही एक जुना फोन ठेवलाय, सिग्नलची प्रत मिनिटागणिक लिहून ठेवणारा. टॉवरवर गर्दी वाढली की ती प्रत घसरते. शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पूर्वी शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर जायचा. आता पुष्कळांकडे सिमकार्ड घातलेला मोबाईल स्टार्टर आहे. लाईट आली की तो मेसेज टाकतो, मालक अंथरुणातून मोटार चालू करतो, पाणी सुटलं नाही तर पुन्हा फोन, मग शेजारच्याला फोन. असोसिएटने आलेख उघडला. रात्री बारानंतर सिग्नलची प्रत घसरलीय आणि पहाटेपर्यंत वरखाली होतेय.

एका फोनवरून निष्कर्ष निघत नाही, हे दोघांनाही कळतं. तरी आमचं मॉडेल हा टॉवर त्याच वेळी निजवणार होतं. मेसेज अडकला की मोटार कोरडी फिरते किंवा पाणी वाहून जातं. त्यातही पुढे सौर कृषी वाहिन्यांमुळे शेतीची वीज दिवसा वळतेय. म्हणजे एकदा शिकवून भागायचं नाही, दर हंगामाला नव्याने मोजावं लागेल. मोबाईल कंपन्या आपल्या वर्दळीची माहिती सहसा देत नाहीत. ग्राहकांची गोपनीयता आणि धंदा, दोन्ही कारणं खरी.

६:१०
त्याच मुलाचं दुसरं काम. त्याला बेंगळुरूच्या कंपनीचा कॉल आलाय. जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीवरच्यांना, २०२३पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं. असोसिएटला त्याहून कमी, आणि नेमणूक प्रकल्प असेपर्यंत. कंपनी दुपटीहून जास्त देतेय. ‘‘मार्चपर्यंत थांबतो मॅडम,’’ म्हणाला. मी आग्रह केला नाही.

८:३०
घरून एका प्रमाणक गटाची बैठक, कॅमेरा बंद, कुकरची शिटी. ६जीची चौकट आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नोव्हेंबर २०२३मध्ये ठरवली. त्यातल्या सहा उपयोगांत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संवाद’ एक आणि ‘सर्वत्र जोडणी’ दुसरा. आज पहिल्यावर दीड तास बोलणं झालं. दुसऱ्याला शेवटची पाच मिनिटं.

१०:१५
पत्राचा मसुदा. उपकरणांचे पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत असं काकांनी बजावलंय. प्रवासाचे मंजुरी घेऊन वळवता येतात. परदेशी परिषदेसाठी ठेवलेल्या रकमेतून नेवासा, पैठण आणि शेवगाव तालुक्यांत मोजणीचे फोन बसवायला पैसे मागतेय. कारणाच्या रकान्यात: शेतीपंपांच्या रात्रपाळीतील मोबाईल वर्दळीची नोंद. असोसिएटला वाचायला पाठवलं. त्याने एकच दुरुस्ती सुचवली. पत्रात मी सप्टेंबर घातला होता. तेव्हा पाऊस असतो आणि मोटारी बंद. कांद्याला, गव्हाला पाणी चालू असतं तेव्हा, डिसेंबर-जानेवारीत जाऊ, म्हणाला.