जहाजावरील फेस आणि मराठवाड्याचे पाणी

मराठवाडा हा सागरकिनाऱ्यापासून दूर वसलेला प्रदेश. साहजिकच जहाजांविषयीच्या नियमांशी आपला काय संबंध, असा प्रश्न नांदेड-लातूरच्या वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. परंतु १ जानेवारी २०२६ पासून जगभरच्या व्यापारी जहाजांना लागू झालेला एक नियम असा आहे की, ज्यांना पाण्याचे मोल ठाऊक आहे त्यांनी तो अवश्य समजून घ्यावा. हा नियम आग विझविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फेसासंबंधी आहे. अग्निशमन दलात त्यास 'फोम' या नावानेच ओळखतात.

फेस कशासाठी?

लाकूड, कापूस किंवा कडब्याची गंजी पेटली तर ती पाण्याने विझते. तेलाची आग मात्र पाण्यास दाद देत नाही. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी जाते आणि पेटलेले तेल त्यावर तरंगत सर्वत्र पसरते. यावर उपाय म्हणून पाण्यात विशिष्ट द्रव मिसळून त्यात हवा खेळविली जाते व फेस तयार केला जातो. बहुधा ९७ भाग पाण्यास ३ भाग द्रव, असे हे प्रमाण असते. हा हलका फेस तेलावर पांघरुणासारखा पसरतो, हवा तोडतो, तेलाची वाफ दाबून धरतो आणि पृष्ठभाग थंड करतो.

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत या फेसाचा एक प्रभावी प्रकार सिद्ध झाला. त्यात फ्लोरीनयुक्त रसायने होती. त्यांच्यामुळे तेलावर पाण्याचा अतिशय पातळ पडदा क्षणार्धात पसरे. २९ जुलै १९६७ रोजी 'फॉरेस्टल' या अमेरिकी विमानवाहू जहाजावर भीषण आग लागून १३४ नौसैनिक मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेनंतर या फेसाचा वापर झपाट्याने वाढला. पुढे जहाजे, विमानतळ, तेलशुद्धीकरण कारखाने व इंधनाची कोठारे यांच्या सुरक्षिततेचा तो आधारच बनला.

आपल्या राज्यासही अशा आगींचा अनुभव आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई बंदरातील जवाहर द्वीपावर वीज पडून डिझेलची टाकी पेटली आणि ती आग पूर्णतः आटोक्यात येण्यास काही दिवस लागले. ९ जून २०२५ रोजी कोलंबोहून न्हावा शेवा बंदराकडे निघालेल्या 'वान हाय ५०३' या मालवाहू जहाजावर केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात स्फोट होऊन आग लागली. १८ खलाशांची सुटका झाली, चौघे बेपत्ता झाले. फेसाची गरज संपलेली नाही, हे यावरून ध्यानात यावे. प्रश्न आहे तो फेसात काय असावे, एवढाच.

न विरणारे विष

फ्लोरीनयुक्त फेसातील 'पीएफओएस' हे रसायन निसर्गात विघटित होत नाही. कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध अत्यंत बळकट असल्याने ऊन, पाणी वा जीवाणू यांचा त्यावर परिणाम होत नाही. आग विझते, फेस वाहून जातो, जमिनीत मुरतो. रसायन मात्र राहते. ते भूजलात उतरते, मासळीत साठते आणि अन्नपाण्यावाटे मानवी शरीरात पोचते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यासही काही वर्षे लागतात. पाणी उकळल्याने ते नाहीसे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये याच कुळातील 'पीएफओए' हे रसायन कर्ककारक ठरविले, तर 'पीएफओएस' हे संभाव्य कर्ककारक असल्याचा निष्कर्ष काढला. स्टॉकहोम करारान्वये 'पीएफओएस'चा समावेश निर्बंधित रसायनांत २००९ मध्येच करण्यात आला होता.

नवा नियम काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जून २०२३ मध्ये सागरी जीवितसुरक्षाविषयक करारात दुरुस्ती केली. तदनुसार नव्या जहाजांवर 'पीएफओएस'युक्त अग्निशामक द्रव्ये ठेवण्यास १ जानेवारी २०२६ पासून मनाई आहे. जुन्या जहाजांनी त्या दिनांकानंतरच्या पहिल्या तपासणीपर्यंत बदल पूर्ण करावयाचा आहे. एक किलोग्रॅम द्रवात १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक 'पीएफओएस' आढळल्यास तो द्रव निषिद्ध ठरतो. काढलेला जुना द्रव समुद्रात न सोडता किनाऱ्यावरील योग्य केंद्राच्या स्वाधीन करणे बंधनकारक आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवावयास हवा. 'पीएफओएस'मुक्त फेस म्हणजे फ्लोरीनमुक्त फेस नव्हे. एक रसायन काढून त्याच कुळातील दुसरे घातले तर धोका रूप पालटून शिल्लकच राहतो. म्हणून अनेक जहाजमालक पूर्णतः फ्लोरीनमुक्त फेसाकडे वळू लागले आहेत.

हा पालट म्हणजे केवळ एक पिंप रिकामे करून दुसरे भरणे नव्हे. टाकी व नळ्यांना चिकटून राहिलेला अंश नव्या द्रवास दूषित करतो. म्हणून त्या पुनःपुन्हा धुवाव्या लागतात आणि ते धुवणही गोळा करावे लागते. नवा द्रव बहुधा अधिक दाट असतो, त्यामुळे मिश्रणयंत्र व तोट्या त्यास अनुरूप आहेत की नाहीत हे तपासावे लागते. तो तेलावर पडदा पसरवीत नाही, त्याची सारी भिस्त फेसाच्या थरावर असते. यास्तव फवारणीची पद्धत जवानांना नव्याने शिकवावी लागते. 'फॉरेस्टल'वर एका बाजूने पसरलेला फेस दुसऱ्या बाजूच्या पाण्याच्या झोताने वाहून गेला होता. साधनाइतकेच शिक्षणही महत्त्वाचे, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

आपल्या जिल्ह्यांत

फेसाचा उपयोग केवळ जहाजांपुरता मर्यादित नाही. लातूर परिसरातील सोयाबीन तेलाच्या उद्योगात हेक्झेनसारखे ज्वालाग्राही द्रावण वापरले जाते, साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मद्यार्काच्या टाक्या असतात आणि विमानतळांवर अग्निशामक वाहने सज्ज ठेवावी लागतात. या सर्व ठिकाणी फेस हवाच. मद्यार्कावर तर साधा फेस टिकतही नाही, त्यासाठी वेगळ्या प्रकारचा फेस लागतो. तेव्हा सुरक्षिततेस बाध न आणता योग्य द्रवाची निवड करणे, हे जबाबदारीचे काम होय.

समुद्रात पडलेला फेस अथांग पाण्यात पसरतो. आपल्याकडील काळ्या पाषाणाच्या भेगांतून तो कोणत्या विहिरीस जाऊन मिळेल, हे सांगता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या लातूरची तहान भागवावी लागली, तेथे एक विहीर दूषित होणे हीदेखील मोठी हानी आहे. लातूर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा पुढे नांदेड जिल्ह्यातून जाऊन तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते आणि गोदावरी सागरास. एका गावाने नाल्यात सोडलेले दुसऱ्या गावाच्या घाटावर पोचते.

यास्तव कारखाने व संस्थांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. आपल्याकडील फेसद्रव कोणत्या वर्षीचा आहे व त्यात फ्लोरीनयुक्त रसायने आहेत काय, याची पुरवठादाराकडून लेखी माहिती घ्यावी. सरावासाठी असा द्रव वापरू नये; केवळ पाणी किंवा सरावाचा फ्लोरीनमुक्त फेस वापरावा. जुना व नवा द्रव एकत्र करू नये. मुदत संपलेला द्रव नाल्यात वा उघड्या जमिनीवर न ओतता, बंद पिंपात नावपट्टी लावून ठेवावा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत केलेल्या घातक कचरा केंद्राकडे सोपवावा. प्रत्यक्ष आग लागल्यास मात्र जीवितरक्षणासच प्राधान्य द्यावे. त्यानंतर वाहिलेले पाणी अडवून गोळा करण्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी.

जहाजांसाठी कालमर्यादा ठरली, तपासणीची रीत ठरली आणि जुन्या द्रवाची वाटही ठरली. जमिनीवर तीच शिस्त आपण स्वतःहून अंगी बाणविली, तर आगीपासून कारखाना वाचेल आणि कारखान्याशेजारची विहीरही.