उत्प्रेरकांच्या जगात : तांब्याचे नॅनोकण

गेल्या आठवड्यात पॅलेडियम पाहिले. आज तांबे, त्याच्याहून कितीतरी स्वस्त. १९०१ मध्ये फ्रिट्झ उलमान यांनी तांब्याच्या भुकटीने दोन बेंझिन वलये एकमेकांना जोडून दाखवली. त्यासाठी बहुधा २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवावे लागे, शिवाय भुकटी भरपूर लागे आणि ती अभिक्रियेतच खर्ची पडे.

धातूचा उत्प्रेरक म्हणून उपयोग पृष्ठभागावरच होतो. आतले अणू नुसते अडकून पडतात. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते! धातू तितकाच राहतो आणि कामाला येणारे अणू लाखो पटींनी वाढतात.

असे कण करणे फारसे कठीण नाही. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन हे बहुवारिक विरघळवायचे, मग ढवळत, गरम करत ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपले ‘क’ जीवनसत्त्व, घालायचे. ते तांब्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देते. निळा रंग हिरवट, मग पिवळट होत शेवटी तांबूस-तपकिरी होतो. एकाच वेळी पुष्कळ अंकुर तयार झाले, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच तांबे येते आणि कण लहान राहतात.

खरी कसोटी पुढे असते, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. उघडे कण एकमेकांना चिकटतात, हवेत लगेच ऑक्साइडचा थर धरतात. बहुवारिकाचे आवरण दाट केले तर ते टिकतात, पण मग अभिकारकांना धातूपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून पुष्कळ जण कण कोळशावर, सिलिकावर किंवा चुंबकाला चिकटणाऱ्या मॅग्नेटाइटवर बसवतात.

ऑक्साइड नेहमीच वाईट नसतो. अझाइड आणि अल्काइन जोडणाऱ्या ‘क्लिक’ अभिक्रियेला एक संयुजेचे तांबेच हवे असते, आणि ते अशा ऑक्साइडच्या थरातून मिळू शकते. २००२ मध्ये मॉर्टन मेल्डल आणि बॅरी शार्पलेस यांनी तिचा तांब्याच्या उत्प्रेरणाने होणारा मार्ग स्वतंत्रपणे दाखवला. २०२२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये कॅरोलिन बर्टोझी यांच्यासह दोघांचाही वाटा होता. नुसत्या उष्णतेने दोन समघटकांचे मिश्रण मिळते, तांब्याने मात्र एकच.

उत्प्रेरक पाच-सहा वेळा वापरला, एवढ्यावरून कणच काम करतात असे मी मानत नाही. अभिक्रिया अर्ध्यावर असताना मिश्रण गरमच गाळून पाहावे. गाळलेल्या द्रवात ती तशीच पुढे चालली, तर तांबे विरघळून काम करत होते. घन पदार्थ त्याचा केवळ साठा होता. औषधांत हे तांबे मोजावेच लागते. तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या औषधांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत त्याची मर्यादा दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम आहे, पॅलेडियमची १००.