तवक्कुल आणि उधारीची वही



ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी आपल्या धाराशिव जिल्ह्यात कापडाचे दुकान लवकर ओस पडते. ज्वारी घेतल्याशिवाय कुणाचे चालत नाही. पण लुगडे आणखी एक वर्ष वापरता येते, लग्न पुढे ढकलता येते, बस्ता लहान करता येतो. मग शिंप्याचे मशीन थांबते, पिंजाऱ्याचे काम थांबते, घरी शिवणकाम करणाऱ्या बायांचे हात रिकामे होतात. अशा दिवसांत मस्जिदीच्या पायरीवर आणि चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानी येते, “अल्लाह राज़िक आहे.” वाक्य सोळा आणे खरे आहे. पण ते म्हणून झाल्यावर दुकानदाराने दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे, याचा विचार आपण कमी करतो.

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी मी गल्ल्यावर बसून शिकलो. मी आलिम नाही. तीस-पस्तीस वर्षे कापड विकताना जे समजले, तेवढेच मांडतो.

तवक्कुल म्हणजे काय?

तवक्कुल आणि वकील हे एकाच धातूतून आलेले शब्द आहेत. कोर्टात आपण वकील देतो, तेव्हा घरी झोपून राहत नाही. कागदपत्रे आपणच जमवतो, तारखेला आपणच हजर राहतो. निकाल मात्र आपल्या हाती नसतो. तवक्कुल तसाच आहे. प्रयत्न आपला, निकाल अल्लाहचा.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना एका माणसाने विचारले की उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू? त्यांनी आधी उंट बांधण्यास सांगितले. पाखरांचा दाखलाही हदीसमध्ये आहे. पाखरे सकाळी उपाशी जातात आणि संध्याकाळी पोट भरून परततात. हा दाखला आपण फार वेळा देतो, पण पाखरू सकाळी घरट्यातून निघते, हा त्यातला भाग विसरतो.

हजरत यूसुफ (अ.) यांची हकीकत तर दुष्काळी मुलखासाठीच सांगितल्यासारखी आहे. सात वर्षे पिकाची आणि सात वर्षे टंचाईची येणार, हे कळल्यावर त्यांनी केवळ दुआ केली नाही. चांगल्या वर्षांतले धान्य कणसातच साठवून ठेवण्याची व्यवस्था सांगितली. अल्लाहचे प्रेषितच हिशेब ठेवून टंचाईला सामोरे गेले, तर आपण हिशेबाशिवाय तवक्कुल कसला करणार?

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केतले सर्व काही सोडून मदीनेत आले. त्यांचे अन्सारी बंधू आपली अर्धी मालमत्ता देण्यास तयार होते. त्यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. तूप आणि पनीर यांच्या लहानशा व्यापारापासून सुरुवात करून पुढे ते मोठे व्यापारी झाले.

कठीण वर्षे नवी नाहीत

आपल्या जिल्ह्यातले तेर हे गाव कधीकाळी तगर नावाने प्रसिद्ध होते. सुमारे 2 हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे की तगरहून जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असे. म्हणजे आपला कापडधंदा या मातीत फार जुना आहे. ती पेठ गेली, ते व्यापारी गेले, पण तेरणेच्या काठी माणसे आजही पोट भरत आहेत. रिज़्क पेठेवर अवलंबून असता तर हे झाले नसते.

1972 चा दुष्काळ मी अब्बांच्या तोंडून ऐकला. खडी फोडायला गेलेली माणसे, मिलो ज्वारी आणि सुकडी, हे त्यांच्या बोलण्यात नेहमी येई. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप मात्र मी स्वतः पाहिला. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. लातूर आणि आपला जिल्हा मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. किल्लारी, सास्तूर ही नावे जगभर पोहोचली. त्या सकाळी अब्बांनी दुकान उघडले, मांजरपाटाचे तागे आणि होत्या तेवढ्या चादरी गाडीत भरून दिल्या. मी विशीतला पोरगा. कुणाच्या नावावर मांडू, असे विचारले. ते म्हणाले, “बेटा, ये इस वही का हिसाब नहीं.” कफनाचे कापड कुणाच्या धर्माचे, हेही त्यांनी विचारले नाही.

त्यानंतर 2015-16 चा दुष्काळ आला. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 2020 मध्ये टाळेबंदीत रमज़ान आणि ईदचा सगळा हंगाम गेला. 2025 च्या सप्टेंबरात परंडा, भूम भागात उलट पुराने शेते वाहून नेली. आभाळ कोरडे असो की फाटलेले, उधारीची वही दोन्ही वेळा भरते.

वायद्याला अट आहे

कुरआनच्या सूरह तलाकमध्ये अल्लाहचे भय बाळगणाऱ्याला कल्पनाही नसेल अशा ठिकाणाहून रोज़ी देण्याचा वायदा आहे. आपण वायदा लक्षात ठेवतो आणि अट विसरतो. मंदीत दुकानदारापुढे तीन मोह हमखास येतात आणि तेथेच या अटीची परीक्षा होते.

पहिला मोह, खोट असलेला माल चांगला म्हणून खपवण्याचा. इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कूफा शहरात रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याविषयी सांगतात की भागीदाराने दोष न सांगता एक कापड विकले. गिऱ्हाईक सापडले नाही, तेव्हा त्यांनी त्या विक्रीची सगळी रक्कम सदका करून टाकली. आपण एवढे मोठे नसू, पण सेकंड मालाला सेकंड म्हणणे आपल्याला जमू शकते.

दुसरा मोह व्याजाचा. 2016 च्या उन्हाळ्यात माझी जवळजवळ सगळी पुंजी शेतकऱ्यांकडे उधारीत अडकली होती आणि ठोक व्यापाऱ्याचे देणे थकले होते. रोज वसुली करणारा एक माणूस दुकानात येऊन बसला. कागद नको, तारण नको, उद्या सकाळी रक्कम हातात. त्या रात्री मला झोप लागली नाही. इशाची नमाज झाली, फजरची झाली, तरी मन “घे” असेच म्हणत होते. सकाळी मी वही काखेत मारली आणि सोलापूरची बस धरली. ठोक व्यापाऱ्यापुढे वही उघडली. जो माल खपला नव्हता तो परत घेण्याची विनंती केली आणि उरलेल्याचे हप्ते मागितले. त्याने आधी चार शब्द सुनावले. मग निम्मा माल परत घेतला आणि हप्ते बांधून दिले. ते फिटायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत घरातले सोने मोडले, दुकानातला नोकर कमी केला, मुलाचे कॉलेज एक वर्ष लांबले. आकाशातून काही पडले नाही. पण व्याजाचा फास गळ्यात पडला नाही आणि दुकान आजही उघडे आहे. मी यालाच रिज़्क म्हणतो.

तिसरा मोह, आपल्याहून गरीब माणसाची मान पिरगाळण्याचा. 2015 मध्ये मराठवाड्यात हजारावर शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतल्या कित्येकांची नावे कुणाच्या ना कुणाच्या वहीत असतील. सूरह बकरामध्ये अडचणीतल्या ऋणकोला हात मोकळा होईपर्यंत मुदत देण्याची आज्ञा आहे आणि माफ करणे अधिक चांगले म्हटले आहे. माझ्या वहीतलाही एक माणूस त्या वर्षी गेला. त्याच्या मुलीच्या बस्त्याची उधारी होती. त्या पानावर मी रेघ मारली. एवढे करायलाही मला आठ दिवस लागले, हे कबूल करतो.

हाती काय आहे?

वही रोज लिहावी. उधारी लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनमध्येच आहे. ओळखीच्या माणसाचे लिहायला लाजू नये. देणे थकले तर तोंड लपवू नये, मुदत संपण्याआधी जाऊन सांगावे. हंगाम चांगला गेला की त्यातला काही भाग वाईट वर्षासाठी बाजूला काढावा.

ज़कातीचा हिशेब मंदीतही करावा. विक्रीच्या मालाची आजची किंमत, रोकड आणि येणे धरावे, देणे वजा करावे. उरलेली रक्कम साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी किंवा जास्त असेल आणि वर्ष पूर्ण झाले असेल, तर अडीच टक्के द्यावी. ज़कातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. मात्र हनफी उलेमांच्या मते, नुसती उधारी माफ केली आणि तीच ज़कात धरली, तर ज़कात अदा होत नाही. हक्कदाराच्या हाती ज़कात द्यावी. मग त्याने त्यातून आपले देणे फेडले तर हरकत नाही. आपल्या प्रकरणाचा तपशील जवळच्या आलिमांना विचारून घ्यावा.

बंधूंनो, दुकान उघडणे, खरे बोलणे, वही नीट ठेवणे आणि अडलेल्याला मुदत देणे, एवढेच आपल्या हाती आहे. गिऱ्हाईक पाठवणे आपल्या हाती कधीच नव्हते, चांगल्या वर्षीही नव्हते. वाईट वर्षी ते फक्त स्पष्ट दिसते. उद्या सकाळी बिस्मिल्लाह म्हणून शटर वर करा. अल्लाह सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.