बांधलेल्या घराची डागडुजी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी म्हण आपल्याकडे आहे. बांधलेले घर दुरुस्त करून पाहावे, असे मात्र कोणी सांगून ठेवलेले नाही. वास्तविक, नवे बांधण्यापेक्षा जुने न पाडता सुधारणे अधिक अवघड. गेल्या वर्षी आम्हा काही विद्यार्थ्यांना याचा जो अनुभव आला, तो इतरांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमच्या मराठी विभागाची एक अनुदिनी, म्हणजे ब्लॉग, आहे. २००६ साली विभागातील एका प्राध्यापकांनी ती हौसेने सुरू केली. सुट्टीत गावी गेलेल्या विद्यार्थ्यांनी आजी, मावशी, आत्या यांच्याकडून उतरवून आणलेल्या जात्यावरच्या ओव्या तीवर ठेवण्याचा प्रघात पडला. ओव्या सांगणाऱ्या त्या बायांपैकी कित्येक जणी आज हयात नाहीत, आणि ज्या वह्यांत त्या उतरवल्या त्या वह्याही कोणाजवळ उरलेल्या नाहीत. म्हणजे ही अनुदिनी हीच त्या ओव्यांची एकमेव प्रत. अशी ही अनुदिनी गेल्या वर्षी एका सकाळी उघडेनाशी झाली. पडद्यावर नुसते कोरे पांढरे पान!

असे का व्हावे? त्यासाठी या घराची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. आमची अनुदिनी वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालते. मिशेल वाल्द्रीगी यांच्या ‘बीटू’ या जुन्या सॉफ्टवेअरच्या पायावर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ च्या मे महिन्यात ते प्रसिद्ध केले. ते विनामूल्य आहे, आणि कोणीही ते आपल्या सर्व्हरवर बसवू शकतो. सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू असणारा, मागेल त्याला पान पाठवणारा संगणक. वर्डप्रेसची आज्ञावली पीएचपी या भाषेत लिहिलेली असते, आणि आपला मजकूर माय-एसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे कोठारात, साठवलेला असतो. कोणी वाचक आला की आज्ञावली कोठारातून मजकूर काढते, त्याला साज चढवते आणि पान त्याच्या हाती देते.

आता गंमत अशी, की सर्व्हरवरील पीएचपी ही भाषाही काळाबरोबर बदलते. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या तिच्या सातव्या आवृत्तीने कोठाराशी बोलण्याची जुनी पद्धत साफ काढून टाकली. आमची अनुदिनी वर्षानुवर्षे कोणी अद्ययावत केली नव्हती. सर्व्हरवरील भाषा नवी झाली, आमची आज्ञावली जुनीच राहिली आणि दोघींचे बोलणे खुंटले. कोऱ्या पानाचे रहस्य ते एवढेच.

अद्ययावत न करण्यातला दुसरा धोका याहून मोठा आहे. २०१७ च्या जानेवारीअखेर वर्डप्रेसची ४.७.२ ही आवृत्ती निघाली. आधीच्या दोन आवृत्त्यांत असे एक भगदाड राहून गेले होते, की पासवर्ड नसलेल्या परक्यालाही लेखातला मजकूर बदलता यावा. नवी आवृत्ती निघाल्यानंतर काही दिवसांनी हे भगदाड जाहीर करण्यात आले, आणि ज्यांनी दुरुस्ती केली नव्हती त्यांची लक्षावधी पाने चोरट्यांनी विद्रूप केली. लक्षात घ्या, दुरुस्ती फुकट आणि हाताशी होती! आवृत्तीचा तिसरा आकडा बदलतो तेव्हा ती बहुधा अशी डागडुजी असते. पहिला किंवा दुसरा बदलतो तेव्हा नव्या सोयी येतात. २०१३ सालच्या ३.७ पासून लहान डागडुजी वर्डप्रेस आपली आपणच करून घेते. आमची आवृत्ती त्याहूनही जुनी असल्याने ते सुख आमच्या वाट्याला आले नव्हते.

तेव्हा हाताने दुरुस्ती करणे आले. त्याची रीत अशी: वर्डप्रेसच्या मूळ सामानाचे दोन मोठे कप्पे असतात, ‘डब्ल्यूपी-अॅडमिन’ आणि ‘डब्ल्यूपी-इन्क्लूड्स’. हे दोन्ही काढून टाकून त्यांच्या जागी नवे ठेवावयाचे. कप्प्यांबाहेरच्या सुट्या फाइलींवर नव्या फाइली चढवावयाच्या. पण ‘डब्ल्यूपी-कन्टेन्ट’ या तिसऱ्या कप्प्याला हात लावावयाचा नाही, कारण आपण चढवलेली चित्रे, पानांची सजावट आणि जोड-आज्ञावल्या, म्हणजे प्लगिन, तेथे असतात. तसेच ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ ही फाइलही जपावयाची, कारण कोठाराची किल्ली आणि कोठार कसे वाचावे याची सूचना तिच्यात असते. प्लगिन आधी बंद करावेत आणि काम झाल्यावर एकेक सुरू करून पाहावेत, म्हणजे बिघाड कोणामुळे झाला ते चटकन कळते. शेवटी व्यवस्थापकाचे पान उघडले की वर्डप्रेस स्वतःच कोठाराची मांडणी सुधारण्याची परवानगी मागते.

हे सारे करण्यापूर्वी सर्व फाइलींची आणि कोठाराची, अशा दोन्हींची प्रत काढून दुसरीकडे ठेवावी. केवळ फाइलींची प्रत घेऊन भागत नाही. लेख फाइलींत नसतातच, ते कोठारात असतात. आमच्यातील एका मैत्रिणीने प्रत घेतल्याशिवाय कशालाही हात लावू देणार नाही असा हट्ट धरला. आम्ही तिला हसलो, पण तिचे ऐकले.

काम झाले. पान उघडले. सजावट उत्तम होती, पण ओव्या कोठे होत्या? प्रत्येक ओवीच्या जागी टोपी घातलेल्या रोमन अक्षरांची आणि चित्रविचित्र खुणांची रांग उभी होती. पंधरा-सोळा वर्षांच्या ओव्या गेल्या, या कल्पनेने आमची तोंडे पडली. त्या भरात एका मित्राने आठवत असलेली एक ओवी तेथेच नव्याने टंकून जतन केली. पाहतो तो, तिच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली!

चूक आमचीच होती. जुनी ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ जपण्याऐवजी आम्ही तीही नवी करून टाकली होती. संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. यूटीएफ-८ या संकेतानुसार देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मांडले जाते. लॅटिन-१ या जुन्या युरोपीय संकेतात एक बाइट म्हणजेच एक अक्षर. आमच्या कोठारात मजकूर यूटीएफ-८ मध्ये होता, पण कोठारावर पाटी मात्र लॅटिन-१ ची होती. आपल्या दप्तरखान्यात मोडी कागदांच्या गाठोड्यावर चुकून ‘बाळबोध’ अशी चिठ्ठी लागावी, तसा हा प्रकार. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही मोडी जाणणारे, तोवर चिठ्ठीकडे कोणी पाहिले नाही. २००७ सालच्या २.२ या आवृत्तीपासून कॉन्फिग फाइलीत संकेत नोंदवणारी एक ओळ आली. आमच्या जुन्या फाइलीत ती नव्हती, नव्या फाइलीत होती. म्हणजे नवा कारकून आला, त्याने चिठ्ठीवर भरवसा ठेवला आणि एकेका मराठी चिन्हाची तीन-तीन युरोपीय अक्षरे करून वाचू लागला.

जुनी फाइल परत ठेवताच ओव्या जशाच्या तशा उभ्या राहिल्या. म्हणजे त्या गेल्याच नव्हत्या. वाचण्याचा संकेत चुकला होता. मित्राने टंकलेली ती एक ओवी मात्र प्रश्नचिन्हेच राहिली. लॅटिन-१ च्या कोठारात देवनागरीला जागा नाही, म्हणून नव्याने आलेले प्रत्येक अक्षर टाकून देऊन त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले गेले होते. त्यातून मूळ अक्षर कोणालाही परत काढता येत नाही. विचित्र खुणा दिसल्या तर घाबरू नये, पण जतनही काही करू नये. प्रश्नचिन्हे दिसली तर प्रतीकडे धाव घ्यावी, हा त्यातला धडा. आम्हीही तेच केले. मैत्रिणीने ठेवलेल्या प्रतीतून ती ओवी परत मिळाली. मित्राने आठवणीने टंकलेल्या ओळी मुळाशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांत दोन शब्द वेगळे निघाले. प्रत नसती तर पुढच्या वाचकांना आजीची नव्हे, आमच्या मित्राची ओवी मिळाली असती!

पुढे सवडीने आम्ही पाटीही दुरुस्त केली. कोठाराच्या एका नकलेवर आधी मजकुराचे स्तंभ संकेतरहित केले आणि मग त्यांना यूटीएफ-८ असे नाव दिले, म्हणजे मधल्या मध्ये कोणी भाषांतर करावयास नको. नकलेवर सारे ठीक दिसल्यावरच मूळ कोठाराला हात लावला.

आपण साहित्याचे विद्यार्थी. यंत्र हा आपला विषय नाही, असे म्हणून आपण या कामाकडे पाठ फिरवतो. पण पोथीला वाळवी लागू नये म्हणून ती उन्हात घालणे, फडक्यात बांधणे आणि जीर्ण झाली की नकलून ठेवणे, हे वाचणाऱ्याचेच काम मानले जात असे. आपले साहित्य आता सर्व्हरवर राहावयास गेले असेल, तर तेथील वाळवीची काळजीही आपणच घ्यावयास हवी. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी विभागातील दोघे जण अनुदिनीची प्रत काढतात आणि मगच नवी आवृत्ती आली आहे का ते पाहतात. यंदाच्या सुट्टीतल्या ओव्याही त्या प्रतीत आल्या आहेत.